बाकावर बुजवलेली ओळ

मी, वामन केशव पांढरीपांडे, वय ७१, निवृत्त भूमापक, रा. दारव्हा, जि. यवतमाळ, शुद्धीवर असून स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहितो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. म्हातारा चळला होता, असे म्हणायची सोय चिरंजीव अनिकेतला ठेवलेली नाही.

१. अनिकेतने अमेरिकेतून पाठवलेले जीपीएस यंत्र त्यालाच परत. खेळही त्यानेच शिकवला. इंटरनेटवर जागेचे अक्षांश-रेखांश द्यायचे, लोकांनी ती शोधायची. माझ्या जागी डबी-बिबी काही लपवलेली नाही. तिथे जे दिसते त्यावर एक प्रश्न. बरोबर उत्तर आले, की माणूस येऊन गेला असे धरायचे. माझी जागा म्हणजे मोक्षधामातले, पत्नी कै. शोभाच्या स्मरणार्थ बसवलेले दगडी बाक. प्रश्न : बाकाचा रंग कोणता?

शोभा गेली तेव्हा अनिकेतला सुट्टी नव्हती. गेल्या दिवाळीत त्याची नोंद आली : "आईच्या बाकावर अर्धा तास बसलो. मन भरून आलं. रंग हिरवा." वा रे पठ्ठ्या! दसऱ्यालाच मी तो पिवळा केला होता. हा पुण्याला सासुरवाडीत फराळ खात होता. उत्तर पुतण्या पियूषने फोनवर दिले, तेही न जाता, आठवणीने. नोंद मी पुसली.

२. पियूषला हिरव्या रंगाचा उरलेला डबा. ब्रश नाही.

३. शोभाचे शेवटचे शब्द मी त्या बाकावर कोरून घेतले. अनिकेतबद्दल आहेत. पाथरवट श्रावणला अक्षरओळख नाही. लिहून दिले तसे त्याने कोरले. वर लांबी (रंगाऱ्याची पुट्टी) भरून अक्षरे बुजवली आणि मीच रंग दिला. अनिकेतने फोनवर तीनदा विचारले, "आई काय म्हणाली?" सांगितले नाही. शोभाचे हगणे-मुतणे काढणारी मथुराबाई भगत म्हणते, "भाऊ, सांगून टाका ना पोराले. कायले येवढा राग धरता?"

धरतो. माझा आहे.

४. मी मेल्याची खबर शेजारच्या विमलताईंनी अनिकेतला त्याच दिवशी द्यावी. बाकाचे नाव काढू नये. तो आला, तर मोक्षधामचा रखवालदार भीमराजने त्याच्या हाती पत्रा द्यावा. लांबी त्यानेच खरवडावी. दहाव्यापर्यंत आला नाही, तर श्रावणने ओळ छिन्नीने उडवावी. तिघांना हे आधीच सांगून ठेवले आहे.

५. चौदाव्या दिवशी हे सर्वांसमक्ष वाचावे. आठ दिवसांत अनिकेतने ओळ वकिलांना सांगावी. त्यांच्याकडे ठेवलेल्या बंद पाकिटातल्या चिठ्ठीशी जुळली, तर घर त्याचे. नाहीतर मथुराबाईचे. तिला स्वतःचे छप्पर नाही.

शोभाजवळ तेव्हा मी आणि मथुराबाई, दोघेच होतो. म्हणजे माझ्यामागे ओळ ठाऊक असलेली ती एकटी. पियूषला ती ठाऊक नाही; या वेळी त्याच्याकडून फोनवर उत्तर मिळायचे नाही. मथुराबाई, आता सांगा पोराले.

साक्षीदार :
१. भीमराज तागडे (सही)
२. विमल ठोंबरे (सही)

वा. के. पांढरीपांडे (सही)
दारव्हा, दि. ९ ऑक्टोबर २००६