बाबांच्या जखमा धुणारा

दादा,

काल बाबांना माती दिली. नंतरच्या प्रार्थनेला तू थांबला नाहीस. देव नाही म्हणतोस, म्हणून त्यांनी तुला घराबाहेर काढलं होतं. तरी शेवटच्या आजारात त्यांच्या पाठीच्या जखमा तूच धुतल्यास. त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा स्तोत्रंही तूच वाचून दाखवलीस.

चर्चमध्ये पाळक म्हणाले, "वाट चुकलेल्या मुलासाठी प्रार्थना करू या."

मी उभी राहिले. म्हटलं, "वास सोसवेना म्हणून आम्ही सगळे दारातूनच प्रार्थना करून परतायचो. बाबांना हात त्यानेच लावला."



देवाबद्दल तू चुकतोस, असं मला अजूनही वाटतं. पण प्रभूचे आभार मानायला गुडघे टेकले, की पहिलं तुझंच नाव ओठांवर येतं. हे वाचून तू चिडशील, म्हणून पाठवत नाही.

तुझी,
धाकटी