ठकीच्या रक्ताची परीक्षा

४ जानेवारी
नवी डायरी. निश्चय एकच: यंदा काळजी करायची नाही. लिहून ठेवलं की माझ्याकडून पाळलं जातं. गेल्या वर्षीही हाच निश्चय होता, पण ती डायरी फारच लहान आकाराची होती.

आज ठकीचा रिपोर्ट आला. ठकी म्हणजे धाकटी नात, वय पाच. थोरल्या नातवाला इन्सुलिनवाला डायबेटिस आहे, लहान मुलांना होतो तो, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बहिणीचंही रक्त बघून ठेवू. तर तिच्या रक्तात दोन प्रकारच्या अँटीबॉडीज निघाल्या. म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांनी घरातल्याच माणसांवर काठ्या उगारल्यात, इन्सुलिन बनवणाऱ्या बिचाऱ्या पेशींवर. शुगर मात्र नॉर्मल. मुलगी ठणठणीत. सून म्हणाली, आजार अजून आलेला नाही, पण घरून निघालाय. मी म्हटलं, निघालेले सगळेच पोचतात असं कुठे आहे. कुणी हसलं नाही.

लॅबमध्ये बाटल्यांची अदलाबदल झाली असणार.

५ जानेवारी
मुलाला अदलाबदलीचं सांगितलं. तो म्हणाला, आई, बाटलीवर बारकोड असतो. मी म्हटलं, आमच्या कॉन्व्हेंटमध्येही प्रत्येकीच्या मोज्यांवर नंबर शिवलेला असायचा, तरी मी अख्खं वर्ष दुसरीचे मोजे घालून हिंडले. त्याने ठकीला परत रक्त द्यायला लावलं, बहुधा माझं तोंड बंद व्हावं म्हणून.

१६ जानेवारी
परत त्याच दोन. लॅब हट्टी आहे.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून समजावलं. दोन अँटीबॉडीज आणि शुगर नॉर्मल, ही पहिली पायरी. आज औषध काही नाही. फक्त लक्ष ठेवायचं: खूप तहान, सारखी लघवी, उतरणारं वजन. सगळ्यात आधी तहान. वेळेत कळलं तर मूल हसतखेळत इन्सुलिनवर जातं, उशिरा कळलं तर थेट आयसीयूत. दिवसभर घरात कोण असतं, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताठ बसले.

मग घराण्यात आधी कुणाला होता का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. माझा धाकटा भाऊ बाळू सहाव्या वर्षी गेला, पण तो तापाने. घरात तसंच सांगतात.

हे चाललं होतं तेव्हा ठकी पाणी पीत होती. पेला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून. बाळू असाच प्यायचा. बाळूचा इथे काही संबंध नाही. उगाच लिहिलं.

२० जानेवारी
लक्ष ठेवणं सुरू. अगदी सहज, तिला कळणारही नाही असं. ती स्वयंपाकघरात गेली की मला तिथे काहीतरी काम निघतं. आज ओटा बऱ्याच वेळा पुसला गेला. लखलखतोय.

२४ जानेवारी
छोटे पेले आणले. त्याने पाणी कमी जातं असं नाही, पण बघणाऱ्याला बरं वाटतं.

दुपारी ठकी लागोपाठ तीन छोटे पेले प्यायली. पळून आली होती, ऊन होतं, तहान लागणारच. मीही तीन प्यायले, म्हणजे तुलना करता येईल. मला काही झालं नाही.

संध्याकाळी पॅसेजमध्ये दिवा लावायच्या आधी वाटलं, बाथरूमच्या दाराशी कुणीतरी आखूड चड्डीतलं उभं आहे. टॉवेल होता. टॉवेलची खुंटी बदलली.

२ फेब्रुवारी
आनंदाची बातमी. या महिन्यात ठकीची मोठी चाचणी आहे. उपाशीपोटी जायचं, ग्लुकोजचं पाणी प्यायचं, मग दोन तास दर अर्ध्या तासाने रक्त. शरीर साखर कशी पेलतं ते कळतं. म्हणजे ही परीक्षा झाली. आणि परीक्षेत मी आयुष्यात कधी नापास झालेले नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, नशीब म्हणजे तयारी.

मुलगा-सून दोघंही ऑफिसला. तयारी अर्थातच माझ्याकडे. त्यांना सांगितलेलं नाही, आधीच दमलेले असतात.

४ फेब्रुवारी
टाइमटेबल: दुपारच्या जेवणातून भात बंद, ब्रेड बंद, बटाटा बंद, केळं बंद. अंडं, काकडी, चीज. पेशींना सुट्टी द्यायची, म्हणजे परीक्षेच्या दिवशी त्या ताज्यातवान्या. इतकं साधं कुणाला कसं सुचलं नाही, याचं नवल वाटतं.

ठकीला म्हटलं, हे आपल्या दोघींचं गुपित. तिला गुपितं आवडतात. डब्यातला ब्रेड ती मैत्रिणीला देते. रात्रीही ती पोट भरलं म्हणून भात बाजूला सारते. गुणी पोर.

१० फेब्रुवारी
थोरल्याला वास लागला. स्वतःच्या इन्सुलिनच्या पंपावर आकडे टाकता टाकता बहिणीच्या ताटात डोकावून म्हणाला, "आजी, शुगर मला आणि डाएट तिला?" मी म्हटलं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. तो म्हणाला, मध्ये नाही, शेजारी बसलोय. अकराव्या वर्षी ही जीभ.

ठकी जरा किरकिरी झालीय. परीक्षेच्या आधी मुलं होतातच.

१७ फेब्रुवारी
चाचणी झाली. नर्सने सुई लावली, ठकी रडली नाही. मी थोडी. ग्लुकोजचं पाणी पुढे आलं तेव्हा तिने पेला हातात धरला आणि आधी माझ्याकडे बघितलं, पिऊ का म्हणून. मी मानेने हो म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं की काय, कोण जाणे.

निकालाची भीती नाही. पेढ्या-बर्फीची गोष्ट आपल्या घरात जपूनच काढायला हवी, म्हणून बक्षीस म्हणून रंगपेटी आणून ठेवलीय.

१९ फेब्रुवारी
दोन तासांनंतरचा आकडा वाढलेला निघाला. म्हणजे दुसरी पायरी. सून खुर्चीच्या हाताला धरून बसली.

डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, उपाशीपोटीची शुगर उत्तम, तीन महिन्यांची सरासरी उत्तम, मग हे असं का? गेले काही दिवस ही काय जेवत होती? सून म्हणाली, नेहमीचंच. तेव्हा ठकी म्हणाली, "भात नाही खायचा. भात खाल्ला की रक्ताला कळतं, आजीने सांगितलंय."

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आवाज न चढवता, तेच जास्त लागलं. या चाचणीआधी तर नेहमीपेक्षा पोटभर भात-ब्रेड खायला हवा. बरेच दिवस तो तोडला की शरीराला साखर हाताळायची सवयच राहत नाही, आणि चांगल्या मुलाचाही आकडा वर जातो. चाचणी बाद. व्यवस्थित खाऊ घाला, महिन्याने परत करू.

म्हणजे पेपर फुटला नव्हता, मीच फाडला.

गाडीत मुलगा रेडिओ लावून बसला. घरी आल्यावर सून म्हणाली, आई, तुम्हाला भीती वाटत असेल तर आम्हाला सांगा, आम्हालाही वाटते. मी म्हटलं, छे, मला कसली भीती.

२० मार्च
पास! भरपूर भात खाऊन दिलेल्या परीक्षेत शुगर अगदी नॉर्मल. सी-पेप्टाइड नावाचं एक माप असतं, त्यावरून कळतं की शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतंय की नाही. तेही छान. रंगपेटी दिली.

अँटीबॉडीज मात्र आता तीन झाल्या.

मी सरळ विचारलं, किती दिवस? तारीख सांगा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, महिने असतील, दहा वर्षंही असतील, कुणालाच सांगता येत नाही. मग येणारच का? बहुतेक मुलांत येतो, म्हणाल्या. तारीख न कळवता येणारा माणूस मला कधीच आवडला नाही. आता घरात बेल वाजली तरी मी आधी ठकीकडे बघते.

२ एप्रिल
बाळूला ताप नव्हता. त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मला माहीत आहे. कपाळ गार होतं. तो पाणी मागायचा आणि मी द्यायची, परत मागायचा, परत द्यायची. आई म्हणायची, ऊन लागलंय. तो लघवीला जाऊन आला की बाथरूमच्या दाराशी मुंग्या लागायच्या. तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंना सांगेन. बहुतेक.

निश्चय: लक्ष दुप्पट ठेवायचं.

११ एप्रिल
अतिशय उत्तम बातमी. ठकीचं पाणी कमी झालंय. गेला आठवडाभर स्वयंपाकघरात जेमतेम एखादा पेला. जेवतानाही नको म्हणते. सुनेला सांगितलं, तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. माझ्या लक्ष ठेवण्याचं हे फळ.

१४ एप्रिल
बाथरूममध्ये नळाचा आवाज फार वेळ येत होता. दार ढकललं. ठकी स्टुलावर उभी राहून नळाला तोंड लावून पीत होती. मला बघून तिने नळ बंद केला आणि फ्रॉकला तोंड पुसलं.

इथे का पितेस, विचारलं.

म्हणाली, "तू पाणी बघून घाबरतेस ना. म्हणून."

कधीपासून, तर तिला सांगता येईना. खूप दिवस, म्हणाली.

मुलाला फोन केला. तो आणि सून तसेच ऑफिसमधून आले. थोरल्याने तोवर स्वतःच्या मशीनवर तिच्या बोटाचा थेंब घेतला होता. शुगर नॉर्मल. कडक उन्हाळा आहे, एवढंच. सुनेने माझ्यासाठी चहा टाकला, तो हातात दिला आणि आत निघून गेली.

डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट बघायला सांगितली होती. ती मी तिला लपवायला शिकवली.

१५ एप्रिल
निश्चय नाही.

दुपारी मोठा पेला काठोकाठ भरून ठकीच्या समोर ठेवला. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं. खाली एक माणूस गाडी मागे घेत होता, त्याला जमत नव्हतं. मी त्याच्याकडे अगदी मन लावून बघत राहिले. मागे पेला उचलल्याचा आवाज आला, मग ठेवल्याचा.

किती प्यायली, मला माहीत नाही.