नर्मदाला गेलेला फोटो

२७ एप्रिल २०२५, रविवार

सीमा बंद! म्हणजे सुधाकर मे महिन्यात येत नाही.

आज आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या नर्मदासाठी पुन्हा अर्ज लिहायला बसले. सगळं पहिल्यापासून मांडावं लागलं. तिचा नवरा सुधाकर, गुजरातच्या बोटीवर खलाशी. तीन वर्षांपूर्वी हद्द ओलांडली म्हणून बोट पकडली. तेव्हापासून कराचीच्या तुरुंगात. शिक्षा केव्हाच संपली. कागद तपासून झाले. मेमध्ये सुटणाऱ्यांत त्याचं नाव आहे, असं मच्छीमार संस्थेच्या माणसाने मागच्या महिन्यात माझ्या फोनवर कळवलं होतं. त्या दिवशी नर्मदाने पोळ्या करता करता शिरा केला. न विचारता. आमच्याच साखरेचा!

पहलगामला जे झालं त्याने माझ्याही पोटात आग पेटली आहे. ती खोटी नाही. पण त्या आगीचा आणि सुधाकरचा संबंध काय? अर्जात हे कसं लिहायचं? नाही लिहिलं. "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" एवढंच. आठव्यांदा.

७ मे, बुधवार

आपण हल्ला केला. सोसायटीच्या गेटवर पेढे. चेअरमन हर्षवर्धन म्हणाले, "वहिनी, आता थांबायचं नाही. कराचीच पाहिजे!"

कराची पाहिजे — किलोभर तूरडाळ पाहिजे तसं. माझा नवरा परेश शेजारीच उभा होता. आमच्या घरी पोळ्या कोण करतं, तिचा नवरा कुठे आहे, सगळं त्याला माहीत. तो हसला. मी पेढा घेतला.

सकाळी बातमी ऐकली तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. लिहून ठेवते, नाहीतर पुढे मी हे सोयीस्कर विसरेन.

८ मे

नर्मदाने कणीक मळताना विचारलं, "कराची केवडी हाय, ताई? आपल्या विरारएवडी?"

खूप मोठी, म्हटलं.

"मंग बरं."

९ मे, शुक्रवार

लाज वाटते. तरी क्रमाने लिहिते.

सकाळी सहाला उठले. फोनवर शंभरेक मेसेज. कराची बंदर उद्ध्वस्त! टीव्हीवरही तेच, निवेदक ओरडतोय. एक फोटो सगळीकडे फिरत होता — काळा धूर, दोन बोटी पेटलेल्या, धक्क्यावरची पिवळी क्रेन पाण्यावर कलंडलेली. मी तो पुढे पाठवला. वर स्वतःचे शब्द घातले: "शेवटी घरात घुसून मारलं!" कोणाला पाठवला? बिल्डिंगच्या नोटिसांसाठी केलेल्या यादीला. सगळ्यांना एकदम. त्या यादीत नर्मदा आहे. मीच घातली होती, पाणी कधी येणार ते तिला कळावं म्हणून.

चहा प्याले. वर्तमानपत्र वाचलं. मला आठवलंसुद्धा नाही!

नऊला ती आली. चप्पल दारात न काढता तशीच आत. फोन पुढे धरला. चाळीत कोणाकडून तरी वरचे शब्द वाचून घेतले होते.

"ताई, तुरुंग बंदरापासून किती लांब हाय?"

सगळं खरं असेलच असं नाही, असं काहीतरी पुटपुटले.

ती फोटो मोठा करून बघत होती. बापाच्या होडीवर वाढलेली बाई. म्हणाली, "या बोटी तिकडच्या वाटत नाय मना. नाळ बगा ना, ही बोटीची फुडची चोच, अशी नसते. मी चाळीत सांगितलं पन सगल्यांना. मंग समजलं, तुमी पाठवलाय. मंजी खरा असंल."

तीन वर्षांत सुधाकरची प्रत्येक खरी बातमी तिला माझ्या फोनवरून मिळाली. म्हणून तिने स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं.

पोळ्या केल्या तिने. बारा. एकही करपली नाही. मी समोर उभी राहून बघत होते आणि तिला घरी जा म्हणायचंही मला सुचलं नाही.

९ मे, संध्याकाळ

खोटं! सगळं खोटं. बंदर जागेवर आहे. मी धावत मनवेलपाड्याला तिच्या चाळीत गेले, सांगितलं. ती खाली बसली. "खोटं? बरं झालं, बाय."

घरी परेश म्हणाला, "अरेरे, खरं असायला पाहिजे होतं."

मी ओरडले त्याच्यावर. ताट आपटलं. तो थंडपणे म्हणाला, "फॉरवर्ड तूच केलंस ना?"

१० मे, शनिवार

युद्धविराम. हर्षवर्धन लिफ्टमध्ये म्हणाले, "दोन दिवस अजून पाहिजे होते, वहिनी."

मी म्हटलं, "तुम्ही जाणार होतात?"

"आपलं काम मनोबल वाढवायचं!"

स्वतः गुडघ्यामुळे पहिल्या मजल्यालाही लिफ्ट लागते. हे त्यांना ऐकवायला हवं होतं. इथे लिहिते आहे. माझं शौर्य एवढंच.

१४ मे

मी समजत होते, युद्ध वरचे लोक करतात. राष्ट्रहित, डावपेच, नकाशे — ते आपलं काम नाही. पण वरच्यांना थांबणं अवघड कोण करतं? गेटवर पेढे वाटणारे आम्ही. अजून दोन दिवस मागणारे आम्ही. थांबला तो भ्याड ठरणार असेल तर कोण थांबेल? तिकडेही असेच पेढे असणार, अशाच लिफ्ट. आणि या दोन लिफ्टांच्या मध्ये एक माणूस, ज्याने पापलेटाच्या मागे बोट चार मैल जास्त नेली. तीही त्याने नाही, बोट हाकणाऱ्या तांडेलाने नेली!

राग कोणाचा येतोय, नीट ठरवता येत नाही. निवेदकाचा येतो. परेशचा येतो. आणि मग माझा अंगठा दिसतो.

१ जुलै

दोन्ही देशांनी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या दिल्या. दर जानेवारी-जुलैत देतात, तशाच, वेळेवर! म्हणजे बोलता येतं यांना.

संस्थेच्या माणसाने फोनवर कळवलं — सुधाकरचं नाव यादीत आहे. जिवंत आहे. मी नर्मदाला फोन दाखवला.

तिने बघितलाच नाही. "कागद असंल तर दावा, ताई."

१३ ऑगस्ट, बुधवार

कागद आला. टपाल बंद आहे, पण संस्थेने दुबईहून कोणाच्या तरी हाती आणवला. सुधाकरचं पत्र, दुसऱ्या कैद्याने लिहून दिलेलं. तारीख २ जून. ओट्याशी उभी राहून नर्मदाला वाचून दाखवलं.

"नर्मदाला आशीर्वाद. मी बरा आहे. मे महिन्यात इकडे सगळे नाचत होते. मुंबई बंदर जाळलं म्हणाले. आमच्या शिपायाने मोबाईलवर फोटो दाखवला. दोन बोटी पेटलेल्या, पिवळी क्रेन पाण्यात कलंडलेली. माणूस चांगला आहे, औषध आणून देतो, म्हणून मला खरं वाटलं. विरार बंदरापासून लांब आहे ना? तू आहेस ना? कोणाकडून तरी दोन ओळी लिहून घे."

नर्मदाने हात पुसले, कागद माझ्याकडून घेतला, उलटसुलट बघितला, परत दिला.

"लिवा, ताई. आनि या वेळेला मी सांगन तेवडंच लिवा."