इथं टॉवर येतो

४ एप्रिल २०१६
आलो एकदाचा औरंगाबादेत! खोली बायपासजवळ, नव्याकोऱ्या इमारतीत. लिफ्ट आहे, चकचकीत नळ आहेत, फक्त पाणी नाही. त्यासाठी टँकरची वाट बघायची. मोबाइल कंपनीतलं नवं काम मात्र झकास. नकाशावर जिथं हिरवा रंग, तिथं खरंच रेंज मिळते का, हे मोटारसायकलवरून फिरून बघायचं. भटकायचा पगार! चारुता महिनाअखेरीस पुण्याहून येईल. फोनवर ती मुद्दाम नाटकी आवाजात 'अहो' म्हणते, मी जुन्या काळातल्या नवऱ्यासारखा 'ओ' देतो. मी 'चारू' म्हटलं की ती ओ देते. लग्नाला वर्षही झालेलं नाही, तेव्हा एवढा पोरकटपणा चालायचाच.

७ एप्रिल
आज गंमत झाली. फुलंब्रीच्या पुढची एक धनगरवस्ती नकाशात हिरवीगार आहे, पण तिथं आमचं एकही सिम विकलं गेलेलं नाही. शहागंजातले आमचे विक्रेते आप्पासाहेब एरवी देवालासुद्धा सिम विकतील. वस्तीचं नाव काढताच त्यांनी पानाचा डबा मिटला. म्हणाले, "नकाशा तुमचा हाय साहेब, दुकान माझं. तिथं आमी विकत नसतो." ऑफिसचा हुकूम: रेंज असेल तर विक्री का नाही, जाऊन बघा.

९ एप्रिल
वस्तीवर गेलो. तळं कोरडं ठणठणीत, टॉवर कुठंच नाही, आणि फोनवर रेंज पूर्ण! इकडे रेंजलाच टॉवर म्हणतात. शेळ्या राखणाऱ्या म्हाळसाबाई म्हणाल्या, "इथं टॉवर नाय बाबा, पर टॉवर येतो." मी खो खो हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्यांचा मुलगा कारभारी गेल्या उन्हाळ्यात तळ्यात पाण्यासाठी झिरा खोदत होता. फोन आला, ओळखीच्या आवाजात हाक आली आणि त्यानं ओ दिली. आधी त्याचा आवाज गेला. मग एक दिवस तोच तळ्यात उतरला आणि परत वर आला नाही. आता त्याच्या आवाजात घरच्यांना फोन येतात, इकडं ये म्हणून. "हॅलो म्हण, काय बी म्हण, पर ओ देऊ नको. माझं लेकरू हाक मारतंय अन् मी ओ देत नाय," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. पण असलं काही खरं कसं मानायचं?

निघताना चारुताचा फोन आला. 'अहो.' मी सवयीनं ओ दिली. फोन कट झाला.

१० एप्रिल
घसा बसलाय. उन्हानं असेल. चारुताला मेसेज केला. ती म्हणते, काल तिनं फोन केलाच नव्हता.

१२ एप्रिल
आवाज पार गेला. डॉक्टर म्हणतात, घशात काहीच नाही. टँकरवाल्याला हाक मारायला गेलो, नुसते ओठ हलले. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

१३ एप्रिल
माझ्या फोनवरून आता मेसेजही जात नाही. आप्पासाहेबांच्या फोनवरून चारुताला लिहिलं: माझा आवाज गेलाय, मी हाक मारली तर ओ देऊ नकोस. तिचं उत्तर आलं: 'पुरे मस्करी! मघाशीच तर बोललास. वस्तीवर ये म्हणालास, बसले गाडीत.' पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. आप्पासाहेब माझ्याकडे बघेनात.

दुपारी
चारूला अडवायला आलोय, तळ्याच्या काठावर. वस्ती रिकामी — सगळे चारा छावणीला गेलेत. खालून माझाच आवाज येतोय. लाडात. 'चारू' —

रिक्षा थांबली. चारूच. फोन कानाला, हसतेय —

तिच्याकडे पळायचंय, पण पाय तळ्याकडेच —

तिला नको म्हणायचं, लिहून वही उंच धरायची. मोठ्या अक्षरांत —

चारू, ओ दे