निळं दार

घाटंजी, शुक्रवार

आज खरेदीखत झाल्यावरही दलालाने तेच ऐकवलं, म्हणून लिहायला बसले. "मावशी, दाराचा निळा रंग काढला असता तं घर कवाच विकलं असतं. बौद्धाचं घर दुरूनच समजते, गिऱ्हाईक बिचकते."

बिचकू दे. बाबांनी दिलेला रंग मी खरवडू? मी मुद्दाम त्यावर निळ्याचाच नवा हात दिला. दोन गिऱ्हाइकं दारातूनच परतली. घर विकणं भाग होतं, तेव्हा घाबरले का? थोडी. पण रंग तसाच ठेवला.

मग गॅरेजवाले शेखभाई बायकोसह आले. तिने दारावर बोट फिरवलं. "ओला तं नाही न, बाई? मंग राहू द्या. चांगला दिसते."

त्यांना आज दलालासमोरच सोपवलं: दोन किल्ल्या, विजेचं शेवटचं बिल आणि उरलेला अर्धा डबा निळा रंग.