बिनहळदीचं वरण

नागपूर, ता. ३ ऑगस्ट १९८५

चि. गुणवंतास शकुबाईचे आशीर्वाद.

मला कावीळ नाही, पित्ताशयाचा कॅन्सर आहे, हे शेजारच्या खाटेवरच्या बुधरीबाईकडून कळलं. ती म्हणाली, बाई, तुलेबी माह्यावालीच क्यान्सरची बाटली लावून राह्यले, मंग कावीळ कायची? सिस्टरला विचारलं तर तिने सांगितलं: लिव्हरपर्यंत गेला आहे, कापून निघत नाही, हे औषध थोडं थोपवेल, काढणार नाही.

घुग्घुसच्या तुझ्या साऱ्या क्वार्टरांना माहीत, मला, तुझ्या सख्ख्या बहिणीला, नाही. खोटं टिकावं म्हणून मला काविळीचं पथ्य. तुझे भाऊजी धर्मशाळेत रांधून आणतात ते बिनहळदीचं, बिनफोडणीचं वरण. ओकारी झाली की तेही बंद. आता डॉक्टर म्हणतात, वजन फार उतरलं, दुसरा डोस झेपणार नाही. जाईल ते खाऊ घाला, असं त्यांनी तुला बजावलं होतं म्हणे.

आणि मी रोज कावीळ उतरव म्हणून देवाला विनवत होते. देवापुढेही मला खोटं बोलायला लावलंस.

शकुबाई

घुग्घुस, ता. ८ ऑगस्ट

ती. सौ. बाईस शि. सा. न.

भाऊजींवर राग काढू नको, सारं माझ्या सांगण्यावरून झालं. कॅन्सरचं नुसतं नाव ऐकून आपल्या काकाजींनी हाय खाल्ली होती, म्हणून लपवलं. पथ्य नसतं तर तुला संशय आला असता. चुकलं माझं.

पण आता अंगात ताकदच नाही तर डोस कशाला? अठरा तारखेच्या रविवारी येऊन डॉक्टरांना नको म्हणतो नि तुला घरी आणतो. चिडू नको, जिवाला लागेल. मायेत अंतर देऊ नको.

तुझा गुणवंत

नागपूर, ता. १३ ऑगस्ट

चि. गुणवंतास आशीर्वाद, जरा कमीच.

नको म्हणणारा पुन्हा तूच? पत्र आलं त्याच दिवशी भाऊजींना फोडणीचं वरण नि लसणाची चटणी करायला लावली. अर्धं ओकले, अर्धं राहिलं. बुधरीबाई म्हणते, ओक, पण खाय.

आज डॉक्टरांना मीच विचारलं. ते म्हणाले, ताकद सावरली तर पुढच्या आठवड्यात डोस देऊन पाहू. पण उपयोग होईलच असं नाही, तब्येत आणखी बिघडूही शकते. पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून बोलले. मी द्या म्हटलं. पुढे पुरे वाटलं तर तेही मीच म्हणेन.

रविवारी ये. तुझ्या सीतेच्या हातचं तिखट बेसन आण, हळद घालून. डॉक्टर आले की तू व्हरांड्यात बसायचं. लोभ आहेच, राग उतरला की दाखवीन.

तुझी बाई