आबांच्या पानावर लाल रेघा

सोमवार, १४ जुलै
मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायला लागून महिना झाला. ओवीचं सकाळचं पोट दुखणं थांबलं, एवढं तरी जमलं. या हिंदी शहरात पोरांना मराठी नीट यावं, म्हणून आज व्याकरणातलं लिंग घेतलं. तनूने लिहिलं, 'पाणी चांगला आहे.' म्हटलं, ते पाणी, म्हणून चांगलं, नपुंसकलिंग. तर पोरगा म्हणाला, "हिंदीत दोनात काम चालते, मराठीत तीन काहून?"  मग 'काहून' नाही, 'का' म्हणायचं, असं ठणकावून सुटले.

बुधवार, १६ जुलै
इथल्या गोरखपूर बाजारातून लाल पेन आणला. भावाची वही तपासायला ओवीला दिला. खूश! सातवीची पोरगी एकदम मोठी बाई. 'जाऊन राहिलो'खाली रेघ, वर 'जात आहे'. शाबासकी दिली.
दुपारी आईचा फोन. बोलायला गच्चीवर गेले. मी आईशी 'करून राहिली'च बोलते ना. पोरांनी ऐकलं असतं तर...

शनिवार, १९ जुलै
वाचनाचा धडा म्हणून सासऱ्यांना सांगितलं होतं, आबा, फॅक्टरीतल्या पहिल्या दिवसाचं काही लिहून द्या मुलांना. दोन दिवस लिहीत बसले होते. एक पान. रांझीच्या फॅक्टरीपर्यंत सायकल, पंक्चर, गेटवर उशीर, फोरमन काय बोलला ते. किती छान लिहिलं!
ओवीने ते तपासलं. पानभर लाल रेघा. खाली १०पैकी ३. चहाबरोबर त्यांच्यापुढे ठेवलं. "आबा, तुमचं मराठी अशुद्ध आहे."
आबा म्हणाले, "असं का जी, मास्तरीणबाई!" आणि हसले.
मीही हसले. तिला थांबवलं नाही. उलट बरं वाटलं, पोरगी शिकून राहिली म्हणून.

मंगळवार, २२ जुलै
आबा मुलांशी हिंदीत बोलून राहिले. "बेटा, खाना खा लो." "बेटा, पंखा बंद करो." आधी लक्षात आलं नाही. आज तिसरा दिवस. प्रशांत म्हणतो, माझ्या वडिलांना मी ओळखतो, तू उगाच मनाला लावून घेतेस.
जेवताना तनूने विचारलं, "आबा आता हिंदीत काहून बोलतात?"
ओवी लगेच, "काहून नाही, का."
माझाच आवाज. अगदी तसाच. 

गुरुवार, २४ जुलै
आबांजवळ जाऊन बसले. म्हटलं, चूक माझी आहे, मीच तिला तसं शिकवलं.
"नाही गं. तू बराबर शिकवून राहिली. माझ्यापायी पोरांचं मराठी कशाला खराब व्हावं? हिंदीत मी चुकलो तरी इथं कोणी टोकत नाही."
रागावले असते तर बरं झालं असतं. सासूबाई गेल्यापासून दिवसभर मराठीत बोलायला त्यांना ही दोघंच होती. आणि मी...

शनिवार, २६ जुलै
आज पुस्तक उघडलं नाही. दोघांना सांगितलं, 'काहून' चूक नाही. आपल्या घरचा शब्द आहे. मीसुद्धा म्हणते.
ओवी बघतच राहिली. "मग तू मला शाबासकी कशाची दिलीस?"
"माझं चुकलं."
"आणि मी आबांना तीन मार्क दिले ते?" डोळे भरले तिचे. तिचा काय दोष?
थोड्या वेळाने स्वतःच उठून बाहेर गेली. मी दारातून ऐकत होते. "आबा, फोरमन बोलला, त्याच्यापुढं काय झालं? लिहून द्या ना. मी तपासणार नाही."
आबांनी पेपर खाली केला नाही.
"देखेंगे, बेटा."
ओवी खुर्चीपाशी तशीच उभी राहिली. मी हाक मारली, तरी आली नाही.